चार मिनार आणि एक मतपेटी

झुरिकच्या मुख्य स्टेशनापाशी अकरा नंबरची ट्राम धरायची आणि बालग्रिस्टच्या थांब्यावर उतरायचे. समोर फोर्खश्ट्रासे नावाचा वाहता रस्ता. रस्त्याच्या एका अंगाला चर्च, आणि दुसऱ्या अंगाला एक पांढरीशुभ्र, आटोपशीर मशीद. तिला एकच मिनार, तोही अठरा मीटरचा. म्हणजे आपल्याकडच्या पाच-सहा मजली सोसायटीच्या गच्चीपर्यंत जेमतेम पोचेल एवढा. मुंबई-पुण्याच्या माणसाने मानही वर केली नसती. पण मी केली, कारण अख्ख्या स्वित्झर्लंडमध्ये असे मिनार फक्त चार आहेत, आणि पाचवा बांधायला त्या देशाच्या राज्यघटनेनेच बंदी केली आहे.

२०२५ च्या मे महिन्यात भाचीकडे राहायला गेलो होतो. ती २००४ पासून तिकडे आहे. पाहुण्याला दाखवायची सगळी स्थळे, म्हणजे बर्फ, सरोवर, चॉकलेट, घड्याळे, तिने पहिल्या आठवड्यातच उरकली होती. मी म्हटले, आता मला ती मशीद दाखव. ‘‘मामा, स्वित्झर्लंडला येऊन मशीद कोण बघतं?’’ म्हणत ती हसली, पण आली बरोबर.

या मशिदीचे नाव महमूद मशीद. १९६२ मध्ये पायाभरणी झाली आणि १९६३ च्या जूनमध्ये ती उघडली. ती बांधली अहमदिया पंथीयांनी, आणि हा पंथ जन्मला आपल्या पंजाबातल्या कादियान या गावी. पायाचा दगड बसवला तो पंथसंस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांच्या कन्येने. मशिदीचा पाया एका स्त्रीच्या हातून, आणि तोही अशा देशात जिथे त्या वेळी बायकांना संसदेच्या निवडणुकीत मताचा अधिकार नव्हता! उद्घाटन केले सर मुहंमद जफरुल्ला खान यांनी. फाळणीपूर्वी दिल्लीच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश, नंतर पाकिस्तानचे पहिले परराष्ट्रमंत्री आणि त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष. समारंभाला झुरिकचे महापौर हजर होते. सगळे कसे सभ्यपणे, सुटाबुटात पार पडले. जफरुल्ला खानांचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे लागणार आहे.

नंतर १९७८ मध्ये जिनिव्हात सौदी पैशातून मोठी मशीद झाली. २००५ मध्ये विंटरथूरला एक छोटा मिनार उभा राहिला. तेवढ्यावर भागले असते तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

भांडण सुरू झाले ते वांगेन नावाच्या चिमुकल्या गावात. ओल्टेन हे स्विस रेल्वेचे मोठे जंक्शन, त्याला लागून हे गाव. तिथल्या एका तुर्की सांस्कृतिक मंडळाने २००५ मध्ये अर्ज केला, की आमच्या इमारतीच्या छपरावर आम्हाला सहा मीटरचा मिनार बसवायचा आहे. सहा मीटर! आपल्याकडे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला, तिच्या लोखंडी सांगाड्यासकट, एवढी उंची सहज मिळते. पण गावकऱ्यांनी हरकती घेतल्या, ग्रामपालिकेने परवानगी नाकारली. मंडळाचे तुर्की राष्ट्रवाद्यांशी लागेबांधे आहेत, असाही आक्षेप निघाला. मंडळ कँटन सरकारकडे गेले, तिथे जिंकले. गावकरी कोर्टात गेले, हरले. पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तिथेही २००७ मध्ये हरले. बांधकामाच्या नियमात बसते ना, मग अडवता येणार नाही, असा हा निकाल होता. २००९ च्या जानेवारीत मिनार छपरावर चढला.

आपल्याकडे कोर्टात हरलेला माणूस फार तर मोर्चा काढतो. स्विस माणसाच्या हातात याहून मोठे हत्यार आहे. दीड वर्षात एक लाख सह्या गोळा केल्या, की थेट राज्यघटना बदलण्याचा प्रस्ताव सगळ्या देशापुढे मताला टाकता येतो. स्विस पीपल्स पार्टी आणि एका छोट्या ख्रिस्ती पक्षाच्या काही पुढाऱ्यांनी समिती केली, सह्या जमवल्या, आणि २००८ च्या जुलैमध्ये एक लाख तेरा हजारांवर सह्यांचे गठ्ठे बर्नला नेऊन दिले. प्रस्ताव एका ओळीचा होता. मिनार बांधण्यास मनाई आहे, बस्स.

सरकारने लोकांना सांगितले, नको म्हणा. संसदेने सांगितले, नको म्हणा. कॅथलिक बिशप, प्रोटेस्टंट चर्च आणि ज्यूंचा महासंघ या सगळ्यांनी सांगितले, नको म्हणा. आधीच्या पाहण्याही प्रस्ताव पडणार असेच सांगत होत्या. दुसऱ्या बाजूला होते एक पोस्टर. लाल ध्वजावर पांढरा क्रॉस, त्याला भोके पाडून वर आलेले काळेकुट्ट मिनार, हुबेहूब क्षेपणास्त्रांसारखे, आणि पुढे डोळे तेवढे उघडे ठेवलेली काळ्या बुरख्यातली बाई. बाझल आणि लोझान या शहरांनी ते लावू दिले नाही. झुरिक आणि जिनिव्हाने अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणून लावू दिले. भाची तेव्हा रोज त्या पोस्टरखालून ट्राम पकडायची. ‘‘सुरुवातीला बघायचे. मग सवय झाली,’’ ती म्हणाली. जिनिव्हाच्या मशिदीवर मतदानाआधी दगड आले, रंग फेकला गेला.

२९ नोव्हेंबर २००९. निम्म्याहून थोडे अधिक मतदार मताला आले आणि त्यांपैकी ५७.५ टक्क्यांनी प्रस्तावाच्या बाजूने कौल दिला. घटनादुरुस्तीला कँटनांचेही बहुमत लागते. तेही भरघोस मिळाले. जिनिव्हा, व्हो, नॉयशाटेल आणि बाझल शहर एवढेच काय ते ‘नाही’ म्हणाले. गंमत अशी, की ज्या जिनिव्हा-बाझलमध्ये मुसलमान शेजारी भरपूर, त्यांना मिनाराचे भय वाटले नाही. आणि ज्या डोंगरातल्या गावांत मुसलमान दिसणे मुश्कील, तिथे भीती सर्वांत जास्त. त्याच दिवशी त्याच मतदारांपुढे आणखी एक प्रस्ताव होता. युद्धसामग्रीची निर्यात बंद करावी, हा तो प्रस्ताव. तो ६८ टक्क्यांनी फेटाळला गेला. क्षेपणास्त्रासारखे दिसणारे मनोरे नकोत, मात्र खरी शस्त्रे विकायला हरकत नाही, असा त्या रविवारचा एकूण हिशेब झाला.

जगभर गिल्ला झाला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयुक्त नवी पिल्ले यांनी (या दक्षिण आफ्रिकेतल्या तमिळ घराण्यातल्या) बंदीवर कडक टीका केली. तुर्कस्तानच्या एका मंत्र्याने सुचवले, की मुसलमानांनी स्विस बँकांतला पैसा काढून आमच्या बँकांत ठेवावा. धर्मरक्षणातही धंदा सुटत नाही! लिबियाच्या गद्दाफीने तर २०१० च्या फेब्रुवारीत स्वित्झर्लंडविरुद्ध जिहाद पुकारला. अर्थात त्याचा स्विसांवरचा राग जुना होता. त्याच्या मुलाला २००८ मध्ये जिनिव्हा पोलिसांनी अटक केली होती. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात काही जण गेले. पण तुम्ही स्वतः कुठे मिनार बांधायला निघाला होता, मग तुमचे नुकसान ते काय झाले, असे म्हणून न्यायालयाने २०११ मध्ये तक्रारी दाखलच करून घेतल्या नाहीत.

तेव्हापासून स्विस राज्यघटनेच्या ७२ व्या कलमात ती ओळ आहे. मशिदी बांधता येतात, नमाज पढता येतो. मिनार तेवढा नाही. अजानच्या आवाजाचाही तिथे प्रश्न नव्हता. या चारही मिनारांवरून बांग दिली जात नव्हती, मग भोंगे कुठले? समोरच्या चर्चची घंटा मात्र आम्ही उभे असताना दणदणीत वाजली.

बंदीच्या बाजूने जी मांडणी झाली तिच्यातला एक मुद्दा मला सोडून देता येत नाही. कुराणात मिनाराचा उल्लेख नाही, मिनार नसला तरी नमाज अडत नाही. तेव्हा मिनार हे श्रद्धेचे नव्हे, सत्तेचे चिन्ह आहे, असे ते म्हणत होते. इतिहास काढून पाहिला तर यात तथ्य आहे. मदिनेतल्या पैगंबरांच्या मूळ मशिदीला मिनार नव्हता. बिलाल छपरावर चढून बांग देत. मिनार पुढे खलिफांच्या काळात आले. आपल्या केरळातल्या जुन्या मशिदी पाहा, कौलारू, उतरत्या छपराच्या, मिनाराविना. लांबून मंदिरच वाटावे. आणि दौलताबादच्या किल्ल्यातला चाँद मिनार? बहमनी सुलतानाने पंधराव्या शतकात उभारलेला तो दोनशे फुटी मनोरा विजयाचीच खूण आहे, हे तिथला गाइडही सांगतो. तेव्हा ओल्टेनजवळच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला मिनारात सत्तेची सावली दिसली, तर त्याला अगदीच खुळा म्हणता येणार नाही.

पण मग हाच गज चर्चच्या मनोऱ्याला लावून बघा. येशूने कुठे घंटाघर बांधायला सांगितले होते? देवळाच्या शिखराशिवाय पूजा अडते का? आमच्या आजीची सगळी पूजा स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात व्हायची. देवाला काय लागते आणि काय नाही, हे एकदा परक्याने ठरवायला घेतले, की कुणाचेच फारसे काही शिल्लक राहत नाही.

आणि हा गज फक्त स्विसांकडे आहे असेही नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठाच्या खटल्यात ‘धर्माचा अत्यावश्यक भाग’ ही कल्पना आणली. त्या वेळी तिचा रोख धर्माला संरक्षण देण्याकडे होता. पुढे १९९४ मध्ये अयोध्येच्या जागेवरून आलेल्या इस्माईल फारुकी खटल्यात घटनापीठाने बहुमताने म्हटले, की मशीद हा इस्लामच्या आचरणाचा अत्यावश्यक भाग नाही. नमाज कुठेही, उघड्यावरसुद्धा पढता येतो. या विधानाचा फेरविचार मोठ्या पीठाने करावा, ही मागणी २०१८ मध्ये दोन विरुद्ध एक अशा बहुमताने नाकारली गेली. स्विस लोक फक्त मिनारापर्यंत आले होते; आपण पंधरा वर्षे आधीच मशिदीपर्यंत पोचलो होतो. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की आपल्याकडे ते एका भूसंपादनाच्या खटल्यातले वाक्य होते, मशिदी बांधायला मनाई करणारा नियम नव्हे. शिवाय केशवानंद भारती खटल्यामुळे १९७३ पासून घटनेच्या मूळ चौकटीला संसदही हात लावू शकत नाही. स्वित्झर्लंडमध्ये असा कुणी रखवालदार नाही. लोकांनी मत दिले, विषय संपला.

त्या देशाला ही सवय जुनी आहे. एक लाख सह्यांचा हा जो मार्ग (तेव्हा पन्नास हजार पुरत), त्याने आलेला अगदी पहिला प्रस्ताव कोणता होता ठाऊक आहे? १८९३ मध्ये लोकांनी साठ टक्के मतांनी ठरवले, की जनावराला आधी बेशुद्ध केल्याशिवाय कापायचे नाही. दिसायला भूतदया, प्रत्यक्षात रोख ज्यूंच्या धार्मिक कत्तलीवर होता. तेव्हाही सरकारने विरोध केला होता. त्याआधी पाळी होती कॅथलिकांची. जेझुइट पाद्र्यांवर १८४८ पासून घटनेतच बंदी, १८७४ पासून नवे मठ काढायलाही बंदी. ही कलमे निघाली १९७३ मध्ये. नवी बिशपची गादी स्थापायला सरकारची परवानगी लागे, ते कलम तर २००१ मध्ये गेले. म्हणजे शेवटचा जुना बांध काढल्यावर आठच वर्षांनी नवा घातला. माणसे बदलली, कलमाची जागा तीच. पुढे मार्च २०२१ मध्ये चेहरा झाकण्यावरची बंदी ५१.२ टक्क्यांनी, काठावर, मंजूर झाली. १ जानेवारी २०२५ पासून ती लागू आहे.

इथे जफरुल्ला खानांकडे परत यायला हवे. झुरिकच्या मशिदीचे दार उघडणाऱ्या या माणसाच्या पंथाला पाकिस्तानने १९७४ मध्ये घटनादुरुस्ती करून मुसलमान नाही असे ठरवले. १९८४ च्या वटहुकमाने त्यांना आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणायला आणि अजान द्यायला बंदी झाली. त्यांच्या जुन्या वास्तूंचे मिनार कधी जमाव पाडतो, कधी पोलीसच उभे राहून पाडतात. सियालकोट जिल्ह्यातले डस्का हे जफरुल्ला खानांच्या घराण्याचे गाव. तिथे त्यांनी फाळणीपूर्वी बांधलेली मशीद २०२५ च्या जानेवारीत अधिकाऱ्यांनी जमीनदोस्त केली. कारण दिले रस्त्यावरच्या अतिक्रमणाचे. आणि झुरिकची? ती उभी आहे, कारण २००९ च्या बंदीने आधीचे मिनार पाडा असे म्हटले नाही. जिनिव्हातल्या सौदी राजाने उघडलेल्या मशिदीला आणि झुरिकच्या अहमदींना एकाच ओळीत बसवण्याची किमया मात्र स्विस मतदाराने केली. मक्का-मदिनेत ती कधी झाली नसती.

भाचीच्या शेजारी एक आजी राहतात. वय सत्त्याऐंशी, पाठ ताठ. त्या घरच्या जर्दाळूचा जॅम घेऊन आल्या तेव्हा मी भाचीकरवी विचारलेच. ‘‘मी हो म्हणून मत दिलं,’’ त्या काही न लपवता म्हणाल्या. मशिदीला त्यांचा विरोध नव्हता. त्यांच्या डॉक्टरीणबाई बोस्नियाच्या, मुसलमानच, आणि फार चांगल्या. ‘‘पण मनोरा म्हणजे आम्ही आता इथले झालो असं मोठ्यानं सांगणं. ते मला नको होतं.’’ मग चहा पिता पिता त्यांनी दुसरी एक हकीकत सांगितली. १९५९ मध्ये बायकांना मताधिकार द्यावा का यावर पुरुषांनी मतदान केले; दर तिघांतल्या दोघांनी नको म्हटले. त्यांचे नुकतेच लग्न झाले होते. नवरा मत देऊन आला, हात धुऊन जेवायला बसला आणि सांगितले, की मी विरुद्ध दिले. ‘‘मी त्याला सूप वाढलं. दुसरं काय करणार?’’ १९७१ मध्ये अधिकार मिळाला तेव्हा त्या तेहतीस वर्षांच्या होत्या. आपेनत्सेल इनररोडन या कँटनने तर आपल्या स्थानिक कारभारात बायकांना १९९० पर्यंत मत दिले नाही. अखेर न्यायालयाने भाग पाडले. मिनारबंदीला सर्वांत जास्त म्हणजे एकाहत्तर टक्क्यांवर मते पडली तीही तिथेच. पोस्टरवरच्या त्या बुरख्यातल्या बाईची काळजी आपेनत्सेलला फार होती, असे म्हणावे लागेल.

आजी गेल्यावर भाची म्हणाली, ‘‘बघितलंत ना, किती चांगल्या आहेत! माझ्या बाळंतपणात रोज डबा आणून द्यायच्या. त्यांनी असं मत दिलं यावर विश्वास बसत नाही.’’

माझा बसला. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या सभेत ऐनवेळच्या विषयांत एक विषय निघाला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या सभासदाला फ्लॅट विकायचा होता आणि गिऱ्हाईक मुसलमान होते. बँकेतले अधिकारी, बायको शाळेत शिक्षिका, दोन मुली. सेक्रेटरी अतिशय सौम्य शब्दांत म्हणाले, आपला कुणाला विरोध नाही, पण सगळ्यांना विश्वासात घेतलेले बरे. कायद्याने असा ठराव करता येत नाही, हे सभेत बसलेल्या दोन वकिलांना माहीत होते. ठराव झालाही नाही. इतिवृत्तात एक ओळ लिहिली गेली नाही. नुसते विचारले, कुणाकुणाला अडचण वाटते? हात वर झाले. त्यात आमच्या जिन्यातल्या, गणपतीत सगळ्यांना मोदक पुरवणाऱ्या बाई होत्या, माझा ब्रिजचा भिडू होता. चांगली माणसे. फ्लॅट पुढे दुसऱ्या कुणाला गेला.

हे मी भाचीला सांगितले. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘आणि मामा, तुमचा हात?’’

मी म्हटले, मी चष्मा पुसत होतो. जिनिव्हापासून आपेनत्सेलपर्यंत त्या रविवारी जवळपास निम्मे मतदार घरीच होते, त्यांतलाच मी एक, असेही म्हणता आले असते. पण ते काही मी म्हटले नाही.

खरे तर ते गृहस्थ सभेच्या आदल्या रविवारी बायकोसह फ्लॅट बघायला आले होते. लिफ्टची वाट बघताना माझी गाठ पडली. चांगले मराठी बोलत होते, मिरजेकडचे असावेत. त्यांनी बाकी काही विचारले नाही. पाणी किती वाजता येते, एवढेच विचारले. सकाळी साडेसहा ते आठ, असे मी त्यांना सांगितले होते.